मेंढ्यांची तोंडं सुजली म्हणून मेंढपाळाला गावाबाहेर काढू नका: नीलजिव्हा, तिवा आणि चिलटं

काळीमाती (वर्धा जिल्हा)

पाऊस ओसरला आणि सोयाबीन निघालं की आमच्याकडे मेंढ्यांचे कळप उतरतात. रिकाम्या वावरात चार-दोन रात्री मेंढ्या बसवायच्या, मालकाला लेंडीखत, मेंढपाळाला धान्य नाहीतर रोख, हा व्यवहार आजोबांच्या काळापासूनचा. यंदा एका कळपातल्या काही मेंढ्यांचे ओठ सुजले, नाकावर खपल्या धरल्या, काही लंगडायला लागल्या. दिवस मावळायच्या आत गावभर झालं की खुरकूत आली, आता आपल्या ढोरांचं काही खरं नाही. त्याच रात्री त्या कुटुंबाला कळप हलवायला लावला. तापानं फणफणलेली मेंढरं, बरोबर लहान लेकरं, आणि जागा दाखवली ती नाल्याकाठच्या पडीत जमिनीची.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी रक्ताचे नमुने आधीच घेतले होते. अहवाल आला नीलजिव्हेचा, म्हणजे ब्लूटंगचा. खुरकूत नव्हतीच. नीलजिव्हा एकमेकांना शिवल्यानं, एका हौदावर पाणी प्यायल्यानं किंवा एका धुऱ्यावर चरल्यानं पसरत नाही. ती पसरवतात चावरी चिलटं. ती चिलटं काही मेंढपाळ सोबत घेऊन फिरत नाही. ती आपल्याच उकंड्यात, कोठ्यामागच्या मूत-शेणाच्या चिखलात आणि नाल्याच्या काठी तयार होतात. म्हणजे गावानं आजारी कळप उचलला आणि जिथं चिलटं सर्वांत जास्त, तिथंच नेऊन बसवला. या गोष्टीचा मला संताप आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

ही चिलटं क्युलिकॉइडिस या वंशाची. आकार एक ते तीन मिलिमीटर, म्हणजे डासाच्या जाळीतून सहज आत शिरणारी. रक्त फक्त मादी पिते, कारण तिला अंडी घालायची असतात. चावायची मुख्य वेळ सांज आणि पहाट. आजारी जनावराचं रक्त प्यायलं की विषाणू तिच्या पोटातून लाळेत पोचायला काही दिवस लागतात. हवा उबदार असली, पंचवीस अंशांच्या आसपास, तर साधारण आठ-दहा दिवसांत ती पुढच्या जनावराला रोग देऊ शकते. साधारण १२ ते १५ अंशांच्या खाली विषाणूची वाढ थांबते. आता आपला सप्टेंबर-ऑक्टोबर डोळ्यांसमोर आणा: जमिनीत ओल, दिवसा ऊब, रात्री अजून थंडी नाही. आंध्र, तेलंगणा, कर्नाटक, तमिळनाडूतही मेंढ्यांमधल्या साथी पावसाळा आणि त्यानंतरच्या महिन्यांतच येतात.

हा रोग कुठून परदेशातून काल आलेला नाही. भारतात त्याची पहिली नोंद १९६४ सालची, आणि तीही आपल्याच महाराष्ट्रातल्या मेंढ्या-शेळ्यांमधली. साठ वर्षं होऊन गेली तरी गावात त्याला कोणी नावानं ओळखत नाही. तोंड आलं की खुरकूत, अंगावर गाठ दिसली की लंपी, बाकी सगळं 'हवा लागली'.

तुमच्याकडे काय अनुभव आहे ते लिहा. डॉक्टर मंडळी असतील तर माझ्या लिहिण्यात काही चुकत असल्यास सांगा.

मेंढरामागं

नमस्कार भाऊ. मी मेंढरंच राखतो, आमचा वाडा यवतमाळ-वाशीमच्या मधात फिरते. तुमी लिवलं ते वाचून बरं वाटलं. आमाले गावात दोनच गोष्टी आयकू येतात, खत देऊन जा नाईतं रोग घेऊन आले.

हा रोग मी पाह्यला हाये. पयले मेंढरू कळपाच्या मांगं रायते, मान खाली घालते. अंग चटका देते. मंग ओठ अन् जबडा सुजते, लाळ गयते, शेंबूड वायून नाकावर खपली धरते. खुराच्या वरची कड लाल होते, म्हून ते गुडघ्यावर चालते. आमचा आबा म्हने का जीभ निळी झाली तं ते मेंढरू गेलं समजा. पन समद्याइची जीभ निळी होत नाई. बऱ्या झालेल्या मेंढ्याइची लोकर मंग झुपक्यानं गयते.

आता माझा सवाल. डॉक्टर लोक सांगतात सांजच्याला मेंढरं आत बांधा, बारीक जाळी लावा, पंखा लावा. आमी कुठं बांधाव? आमचं घरच उघड्यावर हाये. वाघुरीनं कोल्हा-लांडगा अडते, चिलट नाई अडत. आमाले करता येईन असं काई असन तं सांगा.

पशुवैद्य_यवतमाळ

काळीमाती, मूळ मुद्दा बरोबर आहे, पण एक दुरुस्ती करतो. रोग शिवल्यानं पसरत नाही हे खरं. तरी विषाणू रक्तात असलेलं जनावर नव्या गावात आलं, तर तिथली चिलटं त्याच्यापासून विषाणू उचलू शकतात. म्हणून आजारी कळप दूरवर चालवत नेऊ नये, हे शास्त्रही सांगतं. फक्त त्याचा अर्थ गाव नेमका उलटा लावतं. आजारी कळपाला हाकलणं म्हणजेच त्याला पुढच्या गावात धाडणं. जिथं आजार दिसला तिथंच, पण कोरड्या जागी, त्याला थांबू द्या.

आणि गावातल्या गायी-बैलांकडे बघा. नीलजिव्हेत गाय-म्हैस बहुधा आजारी दिसतच नाही, पण विषाणू तिच्या रक्तात कित्येक आठवडे राहतो. आंतरराष्ट्रीय नियमांत हा काळ ६० दिवस धरतात. चिलटांना गायीचं रक्त आवडतंही. त्यामुळे विषाणू गावातल्या धष्टपुष्ट गायींमध्ये गुपचूप फिरत असतो, आजारी पडते ती मेंढी, आणि बोल लागतो मेंढपाळाला. रोग कळपानंच आणला हे नमुने तपासल्याशिवाय कोणीही म्हणू शकत नाही. कळपाला तो तुमच्या गावात लागलेला असू शकतो.

आता मेंढरामागं दादांचा प्रश्न. हा प्रश्न रास्त आहे आणि आमच्या पत्रकांत त्याला उत्तर नसतं, हे मला स्वतःला खटकतं. उघड्यावर करता येण्यासारखं एवढं आहे:

वाडा बरडावर, टेकाडावर, वारा लागेल अशा जागी लावा. चिलट उडायला फार कमजोर असतं, हलक्या वाऱ्यातही त्याला नीट चावता येत नाही. पंख्याचा उपयोग होतो तो याच कारणानं, तुमच्याकडे तो टेकाड फुकट देतं. नाला, बोडी, धानाचं बांध, उकंडा यांपासून जेवढं लांब जाता येईल तेवढं जा. गायींच्या कोठ्याला लागून वाघूर ठोकू नका. पाणी पाजायचं ते भर दुपारी, दिवस मावळायच्या बरंच आधी मेंढरं वर आलेली असावीत. वाऱ्याच्या बाजूनं कडुलिंबाच्या ओल्या पाल्याचा धूर करा, पण पुरा भरवसा धुरावर ठेवू नका.

मेंढरू आजारी पडलंच तर त्याला सावली द्या. उन्हानं तोंडाचे आणि नाकाचे व्रण चिघळतात. चालवू नका. तोंड दुखतं म्हणून ते खात नाही आणि उपाशीपणानं खचतं, तेव्हा कण्यांची पातळ पेज, कोवळा पाला द्या. तोंड पोटॅशियम परमँगनेटच्या अगदी फिक्या गुलाबी पाण्यानं धुवा, वर बोरोग्लिसरीन लावा. विषाणूवर थेट औषध नाही. ताप-सुजेचं आणि जखमांत दुसरे जंतू शिरू नयेत म्हणून द्यायचं औषध डॉक्टर ठरवतील. आणि एक कळकळीची विनंती: एकच सुई सगळ्या कळपाला टोचू नका. चिलट जे काम करतं तेच ती सुई करते.

बोडीकाठ (भंडारा)

नमस्कार जी. आमच्याकडे तर बारमाही ओल. धानाचे बांधे, बोड्या, मामा तलाव. सांजच्याला कोठ्यात गेलं की हातापायाला आग होते, चावणारं दिसत मात्र नाही. डॉक्टरसाहेब, एवढी चिलटं असून आमच्या बकऱ्या या रोगानं आजारी पडल्याचं मी ऐकलं नाही जी. मग आमच्याकडे विषाणूच नाही असं समजायचं का?

पशुवैद्य_यवतमाळ

नाही दादा, तसं समजू नका. शेळीत हा आजार बहुतेक वेळा सौम्य जातो, दोन दिवस ताप येतो आणि लक्षातही येत नाही. मेंढी मात्र कोलमडते. तुमच्याकडे मेंढ्या कमी, म्हणून रोग दिसत नाही. विषाणू आहे की नाही ते रक्तजलातली प्रतिपिंडं तपासूनच कळेल. प्रतिपिंडं सापडली तर लागण कधीतरी होऊन गेली एवढंच सिद्ध होतं. आजच्या आजाराचं कारण शोधायचं तर ताप अंगात असतानाच रक्त घ्यावं लागतं, ईडीटीएच्या (रक्त साकळू न देणाऱ्या) नळीत, आणि बर्फावर ठेवून पाठवावं लागतं. गोठवायचं नाही. ताप उतरून, मेंढी मरून गेल्यावर लोक आमच्याकडे येतात तेव्हा अर्धी संधी गेलेली असते.

बकऱ्यांचं तोंड आलं तर आधी पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा प्लेग) आणि मावा (ओठांवर फोड-खपल्या आणणारा विषाणूचा रोग) यांचा विचार करा. पीपीआरमध्ये हगवण आणि खोकला जोरात असतो, तो एकमेकांपासून झपाट्यानं पसरतो आणि त्याची लस आहे. नुसतं तोंड बघून तिन्ही वेगळे ओळखणं मलाही जमत नाही.

गौळाऊवाली (आर्वी)

माझा प्रश्न गायींचा आहे. श्रावणात आमची दुभती गाय एका रात्रीत बसली. सकाळी ताप, लाळ, डोळ्यांतून पाणी, कधी पुढचा पाय धरायची तर कधी मागचा. दूध एकदम आटलं. शेजारचे म्हणाले लंपी, पण अंगावर एकही गाठ नव्हती. डॉक्टरांनी तिवा, म्हणजे तीन दिवसांचा ताप, सांगितला. तिसऱ्या दिवशी ती आपणहून उठली. हासुद्धा चिलटांचाच आहे का?

पशुवैद्य_यवतमाळ

ताई, तुमच्या डॉक्टरांचं निदान वर्णनाशी जुळतं. तिव्याचा विषाणू वेगळ्या कुळातला आहे. तो डास आणि चिलटं दोन्ही पसरवतात असं मानलं जातं. तीन दिवसांत बहुतेक जनावरं सुधारतात, मरतूक शंभरात एक-दोन. पण ती एक-दोन बहुधा चांगल्या दुधाची गाय किंवा भरल्या अंगाचा बैल असते, आणि बैल बसतो तो नेमका डवरणीच्या दिवसांत.

या आजारात अनेक जनावरं रोगानं जात नाहीत, उपचारानं जातात. तिव्यात घशाचे स्नायू ढिले पडतात, गिळता येत नाही. घरचे लोक मायेनं बाटलीनं गूळपाणी, तेल, काढा पाजतात, तो फुप्फुसात जातो आणि गाय न्युमोनियानं मरते. बसलेल्या जनावराला तोंडानं काहीही पाजू नका. खाली पऱ्हाटीचा नाही, तणसाचा नाहीतर कुटाराचा जाड थर द्या, दिवसातून चार-पाच वेळा कूस बदला, सावली करा. ताप-सुजेसाठी आणि गरज पडल्यास कॅल्शियमसाठी डॉक्टरांना बोलवा. गुरांसाठी डायक्लोफिनॅक वापरायला २००६ पासून बंदी आहे. असं औषध टोचलेलं मेलेलं जनावर खाऊन गिधाडं मरतात. मेलॉक्झिकॅम मागा.

लंपीचं वाहन मुख्यतः चावऱ्या गोमाश्या, डास, गोचीड. त्यात ताप असतो आणि कातडीवर टणक गाठी येतात. २०२२ साली अकोला, बुलडाणा, अमरावती पट्ट्यानं जे सोसलं त्यामुळे लोकांना प्रत्येक तापात लंपी दिसते, हे समजण्यासारखं आहे.

सावनेरकडून

आमच्या नागपूर जिल्ह्यातल्या चांदीपुरा गावाच्या नावाचा विषाणू आहे, तोही चिलटांचाच ना? तो माणसाला होतो. मग मेंढ्यांचा हा रोग माणसाला होणार नाही याची खात्री काय?

काळीमाती

चांदीपुरा विषाणू १९६५ साली तुमच्याच भागातल्या तापाच्या रुग्णांच्या रक्तात सापडला, हे बरोबर. पण तो पसरवते वालुमाशी, ही चिलटं नव्हेत. भिंतींच्या भेगांत, कोठ्याच्या अंधाऱ्या कोपऱ्यांत ती राहते. २००३ मध्ये आंध्रात आणि २०२४ मध्ये गुजरातेत त्यानं लहान मुलं दगावली, त्यामुळे भिंती लिंपणं, भेगा बुजवणं हे काम महत्त्वाचं आहेच. कुळाच्या दृष्टीनं तो तिव्याच्या विषाणूचा नातलग आहे. पण तिवा आणि नीलजिव्हा हे दोन्ही माणसाचे रोग मानले जात नाहीत. दूध उकळून प्या, मटण शिजवून खा, या दोन रोगांची भीती बाळगू नका.

मूळचा_अकोल्याचा

मी गेली काही वर्षं नेदरलँड्समध्ये कामाला आहे. इथलं सांगतो, कारण 'आपल्याकडे घाण म्हणून रोग' असं मानणाऱ्यांनी हे वाचायला हवं.

२००६ पर्यंत इथले लोक समजत होते की उत्तर युरोप नीलजिव्हेसाठी फार थंड आहे. त्या वर्षी नेदरलँड्स, बेल्जियम, जर्मनीच्या सीमेवर आठव्या प्रकारचा विषाणू उगवला. आफ्रिकेतलं चिलट आलंच नव्हतं, इथल्याच देशी चिलटांनी तो पसरवला. लसीकरणानं ती साथ आटोक्यात आली. मग सप्टेंबर २०२३ मध्ये तिसऱ्या प्रकारचा विषाणू आला, तेव्हा आठव्या प्रकाराची लस काही कामाची नव्हती. स्वच्छ काँक्रीटचे गोठे, हिरवीगार कुरणं आणि त्यांत मेंढ्या मरत होत्या. नवी लस २०२४ मध्ये मिळाली.

मध्ये २०११ साली जर्मनीतल्या श्मालेनबर्ग गावाजवळच्या गायींत ताप, हगवण आणि दूधघट दिसली. कोणत्याच ठाऊक रोगात ते बसेना, तेव्हा रक्तातला सगळा जनुकीय मजकूर वाचून शास्त्रज्ञांनी पूर्ण नवा विषाणू शोधला. पुढच्या काही महिन्यांत वाकड्या पायांची, मेंदू न वाढलेली कोकरं जन्मायला लागली. वाहन पुन्हा चिलटंच. आणि २०२२ च्या अखेरीस हरणांचा म्हणून ओळखला जाणारा रक्तस्रावी रोग इटली आणि स्पेनच्या गुरांत आला, पुढच्या वर्षी फ्रान्समध्ये.

इथल्या शेतकऱ्याची एक गोष्ट मला घ्यावीशी वाटते. पहिल्या आजारी मेंढीला तो फोन उचलतो. लपवत नाही.

मेंढरामागं

दादा, तो फोन उचलते कारन त्याले कोनी गावातून हाकलत नाई. आमी सांगतलं तं बाजार बंद, चराई बंद. मंग कोन सांगन?

काळीमाती

याच्याशी मी शंभर टक्के सहमत आहे. कायदा मात्र माहीत असू द्या. जनावरांच्या संसर्गजन्य रोगांबाबतच्या २००९ च्या केंद्रीय कायद्याच्या यादीत नीलजिव्हा आहे. तशा आजाराचा संशय आला तर मालकानं कळवायचं असतं, आणि ते ग्रामपंचायतीपर्यंत, तिथून जवळच्या पशुवैद्यकापर्यंत पोचायला हवं. म्हणजे जबाबदारी एकट्या मेंढपाळाची नाही, गावाचीही आहे. आमच्या गावानं कळवलं नाही, हाकललं. ग्रामसभेत हे मी बोलणार आहे.

लसीबद्दल डॉक्टरांनी लिहावं. मला माहीत आहे ते एवढंच की आपल्याकडे पाच प्रकारांची मिळून एक निष्क्रिय (म्हणजे मारलेल्या विषाणूची) लस तयार झाली आहे.

पशुवैद्य_यवतमाळ

हो, १, २, १०, १६ आणि २३ या प्रकारांची. भारतात जास्त आढळणारे प्रकार बघून ते निवडले. विषाणूचे पूर्वापार मानलेले २४ प्रकार आहेत, अलीकडे त्यांत भर पडली आहे, आणि एकाची लस दुसऱ्याला अडवेलच असं नाही. त्यातून या विषाणूचा जनुकीय मजकूर दहा वेगळ्या तुकड्यांत असतो. एकाच जनावराला किंवा चिलटाला दोन प्रकारांची लागण झाली तर तुकड्यांची अदलाबदल होऊन तिसराच वाण निघतो. म्हणून नमुने पाठवणं हे कागदी काम समजू नका. विदर्भात कोणते प्रकार फिरतात हे कळलं तरच लस बरोबर बसते.

आणि लस साथ आल्यावर धावत येऊन टोचायची नाही. अंगात ताकद यायला काही आठवडे लागतात, तेव्हा पावसाळ्याच्या आधी टोचून घ्या. त्यासाठी उन्हाळ्यातच मेंढ्यांचा आकडा घेऊन तालुक्याच्या दवाखान्यात मागणी द्या. मागणीच नसेल तर लस वर्धेला काय आणि दारव्ह्याला काय, येणार नाही.

फवारणीचंही सांगतो. कोठ्यात कीटकनाशक मारून थोडे दिवस आराम पडतो, पण चिलटं आतल्या भिंतीवर वाढत नाहीत, चिखलात वाढतात. कोठ्यामागची मोरी वाहती करा, मूत साचू देऊ नका, उकंडा घरापासून लांब नेऊन मातीनं झाका, हौदाची गळती बंद करा. काम कंटाळवाणं आहे, पण फवाऱ्यापेक्षा जास्त टिकतं.

बोडीकाठ

डॉक्टरसाहेब, एक शेवटचं जी. आमच्या वस्तीत मागच्या आठवड्यात एका बकरीला पाय आखडलेलं, मान वाकडी असलेलं मेलेलं पिल्लू झालं. काल दुसऱ्या घरी तसंच. लोक पुरून मोकळे झाले. तिसरं झालं तर काय करावं?

पशुवैद्य_यवतमाळ

पुरू नका. श्मालेनबर्गसारखाच, चिलटांतून पसरणारा अकाबाने नावाचा विषाणू आशियात आहे आणि तो अशीच पिल्लं जन्माला घालतो. पण तुमच्याकडे तोच आहे असं मी इथून म्हणणार नाही, विषारी पाला, कुपोषण आणि इतरही कारणं असतात. पिल्लू आणि वार दोन्ही जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत, हातमोजे घालून. नुसत्या हातानं शिवू नका, गर्भपाताच्या पिल्लातून ब्रुसेलोसिस माणसाला लागतो. घरातल्या गरोदर बाईला जवळ येऊ देऊ नका. पिशवी बर्फात ठेवा आणि लगेच १९६२ या पशुवैद्यकीय मदत क्रमांकावर किंवा तुमच्या दवाखान्यात फोन करा. ज्या दोन बकऱ्या आधी व्यायल्या त्यांचं रक्तही घ्यायला सांगा, त्या विकल्या तर नाहीत ना एवढं आजच बघून घ्या.

बोडीकाठ

एक घरीच आहे. दुसरी उद्याच्या बाजारात न्यायची म्हणत होते, मी आत्ता जाऊन सांगतो जी.